कुठला कंटाळा परवडतो

मे महिन्यात भाची जळगावहून आमच्याकडे राहायला आली. बारावी सायन्स झालेली, सीईटी देऊन झालेली, घरी आईबापाशी बोलणं जवळपास बंद. कारण काय, तर हिला चित्रं काढायचीयेत. नुसती काढायची नाहीत, त्यातच करिअर करायचंय. ताईचा मला आधीच फोन, "तू तरी समजाव गं तिला, तुझं ऐकते ती." आता गंमत बघा, मी स्वतः गेली २२ वर्षं अक्षरं काढून पोट भरते, लोगो, पुस्तकांची कव्हरं, मसाल्याच्या पुड्यांवरची नावं, लग्नपत्रिका, जे येईल ते, आणि मीच त्या पोरीला सांगायचं की बाई यात काही राम नाही. चोरालाच चौकीवर बसवण्यातला प्रकार. पण ताईला हो म्हणलं. बहिणीला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही.

पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर गच्चीत बसलो होतो तर हिने सरळ विचारलं, "मावशी, तुला तुझी पॅशन कधी सापडली?"

मला एकदम काही सुचेचना. म्हणजे सापडली म्हणायला आधी हरवली पाहिजे ना, किंवा निदान आपण शोधत तरी असलं पाहिजे. मी काहीतरी थातुरमातुर बोलले, मेहनत, सातत्य, रोज सराव, तेच ते जे सगळे बोलतात. तिने मान हलवली आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं. तिला कळलं मी टाळतेय. मलाही कळलं. रात्री झोप लागेना, मग ठरवलं, उद्या हिला पांडवलेणीला न्यायचं, म्हणजे आमच्या नाशिकजवळच्या डोंगरातल्या जुन्या बौद्ध लेण्यांना. का ते तेव्हा नीट माहीत नव्हतं, पण घरात बसून असलं बोलणं होत नाही, चालता चालता होतं.

पण त्याच्याआधी नानांबद्दल सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं लागणार नाही.

नाना म्हणजे माझे वडील. पेंटर. चित्रकार नव्हे, पेंटर, ते स्वतःही तसंच सांगतात. रविवार कारंज्याजवळ एका बोळात त्यांची चार बाय आठची जागा होती, दुकान म्हणायचं म्हणून दुकान. पत्र्याचे बोर्ड, दुकानांची शटरं, ट्रकच्या मागची नावं, निवडणुकीच्या भिंती, शाळेतले सुविचार, सगळं हाताने. लहानपणी मला वाटायचं की नाना दिवसभर अक्षरं काढतात. शाळेला सुट्टी लागली की मी दुकानात जाऊन बसायचे तेव्हा कळलं, की अक्षरं काढणं हा दिवसातला अगदी थोडा भाग. बाकी सगळा वेळ घासणं. पत्रा आला की पॉलिश पेपरने घासा, रेड ऑक्साईड मारा, वाळू द्या, परत घासा, मग बॅकग्राउंडचा पहिला हात, वाळला की परत हलका पेपर, मग दुसरा हात. मग सुताला खडू लावून रेघा आपटायच्या, खडूने अक्षरांची जागा धरायची, पुसायची, परत धरायची. आणि हे सगळं झाल्यावर दुपारी कधीतरी ब्रश एनामलमध्ये बुडायचा.

ते बघायला मात्र मजा यायची. नानांचा ळ मी आजही डोळे मिटून सांगू शकते. ब्रश डब्याच्या झाकणावर दोनदा थापायचे, टोक सपाट करायला. करंगळी पत्र्यावर टेकलेली, तेवढाच आधार. श्वास आत, आणि पहिलं वेटोळं सुरू. गोलाई आली की मनगट वळायचं नाही, ब्रशच अंगठा आणि दोन बोटांत फिरायचा, विडी वळतात तसा, त्यामुळे रेघ जाड होती तिथे जाडच राहायची आणि सुटताना बारीक व्हायची. दुसरं वेटोळं, पहिल्याएवढंच पण जरासं दाबलेलं, कारण दोन्ही सारखी काढली तर दुसरं मोठं दिसतं, हे मला कॉलेजात चार वर्षांनी शिकवलं, नानांना ते कुणीच शिकवलेलं नव्हतं. मग दांडा. श्वास बाहेर.

तर एकदा मी विचारलं होतं, नववीत असेन, की नाना तुम्हाला घासायचा कंटाळा नाही येत का. ते म्हणाले, "येतो की. पण हा कंटाळा मला परवडतो." एवढंच. मला वाटलं विनोद केला. चाळिशी उलटल्यावर कळलं की या विषयावर मी ऐकलेलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच होतं, बाकी व्हिडिओवाल्यांचं सगळं एकीकडे.

कारण माझं काय झालं सांगते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा झाल्या, ए ग्रेड आली, मग घरात आणि शाळेत सगळ्यांनीच ठरवून टाकलं की मी चित्रकार होणार. मीही ठरवलं. नाशकात चित्रकला शिकणारं प्रत्येक पोर कधी ना कधी गोदाघाटावर पॅड घेऊन बसतंच, तशी मीही बसले. नारोशंकराचं देऊळ, मागे पूल, पाण्यात पडलेली सावली, बुधवारी बाजार असला तर ताडपत्र्या आणि भाजीचे ढीग. जलरंग. स्वप्न असं की एक दिवस माझं प्रदर्शन लागेल आणि लोक म्हणतील वा, काय पाणी रंगवलंय.

आणि मला ते आवडत नव्हतं. हे मान्य करायला मला तीन वर्षं लागली! जलरंगात खरं काम काय असतं, तर थांबणं. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, मारला की वाळायची वाट बघा. पूर्ण वाळू द्यायचा नाही, ओला पण ठेवायचा नाही, मधला क्षण पकडायचा. ज्यांना जमतं ते त्या वेळात नुसते बघत बसतात, उन्हाकडे, पाण्याकडे, त्यांना त्यात सुख असतं. मी मात्र कागदाला फुंका मारत बसायचे. त्यात मागे कुणीतरी काका उभे राहून सांगणार, "कळस जरा वाकडा झालाय बरं का." चित्र पूर्ण झालं की आनंद व्हायचा, नाही असं नाही, कौतुक झालं की अजून व्हायचा, पण चित्र होत असतानाचे जे दोन तास असतात ते मला नकोसे होते. आणि आयुष्य तर त्या दोन तासांचंच बनलेलं असतं, कौतुकाची पाच मिनिटं महिन्यातून एकदा.

उलट घरी आल्यावर नानांना मदत म्हणून एखाद्या बोर्डावर खडूने जागा धरून द्यायचे, त्यात तासन् तास जायचे. साधा "गणेश किराणा" असा बोर्ड घ्या. कुणाला वाटेल यात काय आहे. लिहून बघा. ग चा सुटा दांडा, ण चे दांडे, श चा दांडा, मग रा चा काना, णा ला परत दांडे आणि वर काना. नुसतं टाइप केलं की दुकानाचं नाव न दिसता कुंपण दिसतं. आता कुठला दांडा कुणाचा हे वाचणाऱ्याला लांबून, रिक्षातून, एका नजरेत कळलं पाहिजे, म्हणून काना आपल्या अक्षराला बिलगवायचा, दोन अक्षरांमध्ये हवा सोडायची, ग चं पोट जरा फुगवायचं. पुसा, परत करा. पुसा, परत करा. याचा मला कधी वीट आला नाही. म्हणजे कंटाळा यायचा, पण परत बसावंसं वाटायचं, हा फरक आहे. तेव्हा मात्र मला हे काम वाटायचं नाही, नानांची मदत वाटायची. काम म्हणजे ते घाटावरचं.

तर पांडवलेणी. सकाळी साडेसहाला निघालो, नाहीतर मे महिन्यात त्या पायऱ्या चढणं म्हणजे शिक्षा. पायथ्याशी फाळके स्मारकाच्या बाजूने जाताना भाची म्हणाली, "हे बघ, यांना पॅशन होती म्हणून सगळं झालं, बायकोचे दागिने गहाण टाकले ना यांनी?" दादासाहेब फाळक्यांची गोष्ट आपल्याकडे अशीच सांगतात. सिनेमा पाहिला, वेड लागलं, दागिने विकले, राजा हरिश्चंद्र काढला, संपलं. मला ती गोष्ट अशी सांगितलेली आवडत नाही, त्यात मधला माणूसच गाळून टाकतात.

१८७० साली इथे जवळच त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस, राजा हरिश्चंद्र लोकांसमोर आला ३ मे १९१३ ला. म्हणजे त्रेचाळीस वर्षांचे होते. त्याआधी जे. जे.ला शिकले, बडोद्याला कलाभवनात शिकले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, छापखान्याच्या धंद्यात राहिले, छपाईची यंत्रं बघायला जर्मनीला जाऊन आले, आणि मधेच जादूचे प्रयोग करायचे ते 'प्रोफेसर केळफा' या नावाने. फाळके उलटं वाचा. भाचीला हे फार आवडलं, पुढच्या वीस पायऱ्या ती सगळ्यांची नावं उलटी वाचत होती. आता हे सगळं जोडून बघितलं की वाटतं, सिनेमा आयुष्यात यायच्या आधीच या माणसाच्या हातात सिनेमाचे सगळे सुटे भाग येऊन पडले होते, फक्त त्याला नाव नव्हतं.

पण मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात आवडती गोष्ट वाटाण्याची आहे. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले, आता पैसे लावणारा माणूस पाहिजे, आणि इथे सिनेमा काढता येईल यावर कुणाचा भरवसा नाही. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याच्या थोड्या थोड्या फ्रेम घेत राहिले, महिनाभर. कोंब, पान, वेल. मग ते सलग दाखवलं तर डोळ्यादेखत रोप वाढतं. ते बघून पैसे मिळाले. मी भाचीला म्हणलं, दागिने गहाण टाकणं एका दिवसाचं काम आहे गं, एकदा मन घट्ट केलं की झालं. महिनाभर रोज उठून एका कुंडीसमोर कॅमेरा लावायचा, काल दिसलं त्यापेक्षा केसभर जास्त काहीतरी आज दिसणार, हे ज्याला सोसतं त्याचं खरं. आणि त्यांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, काय केलं? त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची, ती अंधारात पाडावी लागायची. रात्री, दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून. तो कंटाळा तर कुठल्याच गोष्टीत येत नाही, त्याच्यावर कुणी पोस्टरही छापत नाही. (माझी आई नानांचे ब्रश रात्री रॉकेलमध्ये धुवून ठेवायची. तिचा तो कंटाळा कुणाला परवडत होता हे आम्ही कधी विचारलं नाही, हे पण इथे लिहून ठेवते.)

वर पोचलो. दहा नंबरच्या लेण्यात शिरलो, नहपानाचं लेणं म्हणतात ते. ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरं आहेत. मी तिथे कितीदा गेलेय याची मोजदाद नाही. अक्षरांना शिरोरेषा नाही, सगळी सुटी, एकेक अक्षर स्वतःच्या पायावर उभं. भाची म्हणाली, "काय लिहिलंय, देवाबिवाचं?" मी म्हणलं, नाही गं बाई, हिशेब लिहिलाय.

खरंच हिशेब आहे. नहपान राजाचा जावई उषवदात, त्याने हे लेणं भिक्षूंना दिलं. तीन लाख गायी दान केल्याचंही तो कोरून ठेवतो, ते असो, मोठ्या माणसांचे आकडे आपण तपासायला जात नाही. पण पुढचा आकडा बघा. त्याने इथल्या जवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघांकडे, ३००० कार्षापणं, त्या काळची नाणी, ठेवली. त्यातली २००० एका श्रेणीकडे, व्याज महिन्याला शेकडा १. उरलेली १००० दुसऱ्या श्रेणीकडे, व्याज शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या २००० च्या व्याजातून लेण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. करा गुणाकार. महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि वीस बारे दोनशे चाळीस. पैसा इकडचा तिकडे नाही. आणि हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि 'फलकवारा'त, म्हणजे नोंदींच्या दप्तरात, नोंदवलं, असंही पुढे कोरलंय. फलक! म्हणजे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशकाच्या पंचक्रोशीत कुणीतरी बसून फलक लिहीत होतं. पेंटरच्या पोरीला अजून काय पाहिजे.

मी तिला तिथे उभं करून म्हणलं, बघ, दानधर्म करणारा माणूससुद्धा दर, मुदत आणि अटी दगडात कोरून ठेवतो, आणि आपण कलाकार लोक फोनवर म्हणतो "द्या हो तुम्हाला काय वाटेल ते."

पैशाचं मी जरा कळवळून बोलते कारण तिथे मी भाजलेय. नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलं तेव्हा एका बिल्डरचं काम आलं, लोगो आणि ब्रोशर. ओळखीतून आलेलं, त्यामुळे अ‍ॅडव्हान्स मागायची लाज वाटली. चौदा वेळा बदल. चौदा. "थोडं रॉयल करा", "थोडं मॉडर्न करा", "मिसेसना निळा आवडत नाही". शेवटी म्हणाले आमच्या भाच्यानेच केलं कॉम्प्युटरवर, तुमचं राहू द्या. आणि वर, "पुढच्या प्रोजेक्टला तुम्हालाच सांगू." चार महिन्यांनी होर्डिंग लागलं तर अक्षरं माझीच, फक्त कुणीतरी ओढून रुंद केलेली. मला पैशाचं दुःख झालंच, पण खरं सांगू का, त्या ओढलेल्या अक्षरांचं जास्त झालं. आडवं ताणलं की दांडे जाड होतात आणि शिरोरेषा तशीच राहते, असलं बेंगरूळ दिसतं ते. सहा महिने रोज त्या सिग्नलला मान खाली घालून उभी राहिले.

तेव्हापासून निम्मे पैसे आधी, तीन बदल त्यातच, चौथ्यापासून वेगळे, आणि सगळं लिहून. ओळखीचे असले तर आधी लिहून. सुरुवातीला लोक नाराज होतात. गेलेही दोनचार. जे राहिले ते आजपर्यंत आहेत, आणि मुख्य म्हणजे त्यांचं काम करताना माझ्या डोक्यात दुसरं काही चालू नसतं. ज्याच्याकडे पैसे अडकलेत त्याचं काम मन लावून होत नाही, हा माझा अनुभव. मनातल्या मनात भांडण चालू असताना ळ चांगला येत नाही.

आणि चूक माझीही झालीय, नाही असं नाही. एका देवळाच्या जीर्णोद्धाराची निमंत्रणपत्रिका होती, २००० प्रती. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आला, मी तो युनिकोडमध्ये बदलून घेतला आणि रफार सरकले. 'कार्यक्रम' चा 'कायर्क्रम' झाला. तो पण पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात, आणि त्या शब्दाची शिरोरेषा मी हाताने काढली होती, छान नक्षीबिक्षी करून. नक्षी बघण्याच्या नादात शब्द वाचलाच नाही. पुजारीबुवांनी फोन करून अगदी शांतपणे सांगितलं, "ताई, एक अक्षर इकडचं तिकडे झालंय." ओरडले असते तर बरं झालं असतं. परत छापायचे अकरा हजार माझ्या खिशातून गेले. आता कुठलंही काम बाहेर जायच्या आधी मी ते उलटं, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे वाचते, म्हणजे अर्थ लागत नाही आणि फक्त अक्षरं दिसतात. प्रोफेसर केळफा पद्धत म्हणा हवं तर.

उतरताना तिने नोकरीचं विचारलं. ती तिला कमीपणाची वाटते, कलाकाराने नोकरी करायची म्हणजे हरलाच तो. मी अंबडला एमआयडीसीत सात वर्षं पॅकेजिंगच्या आर्टवर्कचं काम केलंय. खोकी, लेबलं, आत घालायचे कागद, सहा पॉइंटची मराठी. त्या अक्षरांत जोडाक्षरं बुजतात, शाई भरते, द्ध चा गोळा होतो. मग फॉन्ट कुठला घ्यायचा, कुठे जाड करायचं, कुठे हवा सोडायची. कुणाला ते दिसत नाही, कुणी वाचतही नाही, पण मला ते सोडवायला आवडायचं. देवनागरी कॉम्प्युटरवर नीट बसवायला किती जणांनी किती वर्षं घातलीत हे मला तिथे कळलं. 'मंगल' हा विंडोजच्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं दिसलेला फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशींनी केलाय, हे तो वापरणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत असतं? सगळे त्याला सरकारी फॉन्ट म्हणून नाक मुरडतात. मीही मुरडायचे. मग एकदा स्वतः एका शब्दातली चार जोडाक्षरं मुळापासून काढायला बसले, आठवडा गेला, आणि नाक आपोआप सरळ झालं. सांगायचं काय, तर त्या नोकरीने मला पगार दिला, घराचा हप्ता दिला, आणि माझा कंटाळा कुठला ते पक्कं करून दिलं. सात वर्षांनंतर जास्त राहिले असते तर सडले असते, तेही खरं. कधी निघायचं याचा काही फॉर्म्युला माझ्याकडे नाही. मी निघाले कारण साहेब बदलले आणि नवीन साहेबांना सगळं तासांत मोजून पाहिजे होतं. म्हणजे त्यात धाडसबिडस काही नव्हतं.

गाडीत बसल्यावर तिने तो प्रश्न काढला जो आता प्रत्येकजण काढतो. "पण मावशी, आता एआय सगळं करतं ना. मी शिकेपर्यंत काय उरेल?"

यावर मी नानांचा फ्लेक्स सांगितला. २००३ च्या सिंहस्थाला नानांकडे एवढं काम होतं की दुकानात झोपायचे, रामकुंडाकडे, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची जागा, असले किती फलक लिहिले असतील त्यांनी. त्यानंतर दोनतीन वर्षांत फ्लेक्सने सगळं गिळलं. एका दिवसात बोर्ड, तोही फोटोसकट, निम्म्याहून कमी पैशात, घासायची भानगड नाही. २०१५ च्या सिंहस्थाला नाना घरी बसून पेपरात फोटो बघत होते. सगळीकडे फ्लेक्स. मी तिला खोटं सांगितलं नाही की चांगल्या कामाला मरण नसतं, वगैरे. असतं मरण. नानांसोबतचे बाकीचे पेंटर लोक कुणी रिक्षा घेतली, कुणी घराला रंग द्यायच्या कामाला गेले, कुणी दारूत गेले. कौशल्य नानांपेक्षा कमी होतं असं नाही.

नानांचं काय झालं, तर ट्रकवाले उरले. नाशकातल्या द्वारका चौकात गाडीच्या मागे नाव, नंबर, एखादं कमळ, मोर. त्यावर काही वर्षं काढली. आणि मग माझ्या कामात ते आले, म्हणजे ते हाताने अक्षर काढायचे, मी स्कॅन करून साफ करायचे, आणि ज्यांना फ्लेक्ससारखं दिसायचा कंटाळा आला होता अशी दोनचार हॉटेलं आणि एक मसालेवाला आमच्याकडे यायला लागला. भरपूर नाही. पण आलं. एआयचं काय होईल मला माहीत नाही, मी पण ते वापरते, मजकुराचे कच्चे खर्डे, रंगांचे प्रकार वगैरे बघायला, अक्षरं मात्र त्याच्याकडून नीट निघत नाहीत अजून, ज्ञ ला भलतीच शेपटी फुटते. उद्या निघतील. तेव्हा मी काय करेन? बहुतेक तरीही खडूने जागा धरत बसेन, कारण माझे ते दोन तास कुणी माझ्यासाठी केले तर मला काय मिळणार. पैसे कुठून येतील हा प्रश्न वेगळा, आणि तो वेगळाच ठेवावा असं मला वाटतं. दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी मिळालंच पाहिजे असा हट्ट धरला की माणूस दोन्हीकडून जातो.

"म्हणजे मी काय करू?" ती वैतागली. साहजिक होतं.

मी म्हणलं, तू काय होणार ते मला नको सांगूस. चित्रकार, इलस्ट्रेटर, अ‍ॅनिमेटर, ही सगळी बोर्डावरची नावं. त्या बोर्डाच्या मागे दिवसभर काय घासावं लागतं ते जाऊन बघ. इलस्ट्रेशनमध्ये तोच चेहरा तीस पानं तसाच काढावा लागतो. लग्नाच्या फोटोवाल्याला आठशे फोटोंतून दीडशे निवडावे लागतात. नाटकाच्या नेपथ्यवाल्याला दौऱ्यात ट्रकमध्ये सामान चढवावं लागतं. यातला कुठला कंटाळा घेऊन तू परत दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर बसशील, तेवढं बघ. तिने काहीच उत्तर दिलं नाही. वाटेत मिसळ खाल्ली, तर्री जास्त घेतली, डोळ्यात पाणी आलं, त्यावरच बोलत राहिलो.

संध्याकाळी नानांनी तिला गच्चीत बोलावलं. नाना आता चौऱ्याहत्तरचे, हात थरथरतो, ब्रश धरत नाहीत फारसा. पण पत्रा अजून स्वतः घासतात, एका घरगुती मेसच्या बाईंचा छोटा बोर्ड होता. तिच्या हातात पॉलिश पेपर दिला, म्हणाले, "घास पोरी." तिने वीसेक मिनिटं घासला असेल. मग विचारलं, "नाना, झालं?" त्यांनी डोळे मिटून तळहात फिरवला पत्र्यावरून. "अजून." परत दहा मिनिटं. "आता?" "अजून." तिसऱ्यांदा तिने पेपर खाली ठेवला आणि म्हणाली, "नाना, माझ्याच्याने नाही होत. सॉरी." मला जरा वाईट वाटलं, ताईचा फोन आठवला. नाना मात्र हसले, पेपर उचलला आणि स्वतः घासायला लागले, गोल गोल, सावकाश. ती समोर गुडघ्यांभोवती हात बांधून बघत बसली. बराच वेळ बसली. मी खाली स्वयंपाकाला गेले.

दोन दिवसांनी ती सीबीएसवरून जळगावच्या एसटीत बसली. पोचल्याचा मेसेज आला, बाकी काही नाही. आठवडाभर काहीच नाही. ताईने विचारलं, काय बोललात तुम्ही, दार लावून बसते नुसती. मी म्हणलं काही नाही, फिरायला गेलो होतो.

मग एका रात्री पावणेदोनला व्हॉट्सअ‍ॅप वाजलं. चार सेकंदांचा व्हिडिओ. पेन्सिलच्या रेघा, रंग नाही. एक म्हातारा हात, पत्र्यावर गोल फिरतोय, शिरा वर आलेल्या, अंगठ्याचं नख एका बाजूने तुटलेलं, आणि मधेच हात किंचित थरथरतो आणि परत गोल सुरू होतो. खाली लिहिलेलं, "सेकंदाला १२, टोटल ४८ ड्रॉइंग. सहा दिवस लागले. थरथर जमत नव्हती, ती नऊ वेळा केली."

सकाळी नानांना दाखवला. चष्मा लावून बघितला, परत लावायला सांगितला, परत. पाचव्यांदा बघून झाल्यावर म्हणाले, "हात चांगलाय. पण पॉलिश पेपर उलटा धरलाय हिने, खरखरीत बाजू वर आलीय."

तसं तिला कळवलं. दहा मिनिटं टायपिंग टायपिंग दिसत राहिलं आणि मग आलं, "बदलते. सगळ्या ४८ मध्ये बदलावं लागेल."

परवा परत पावणेदोनला वाजलं.